लहान स्क्रीन आणि लिनक्सच्या पट्ट्या : डॉक-पॅनेलबद्दल सांगलीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर विश्रामबाग, मार्केट यार्ड, मिरज, तासगाव अशा सगळ्या बाजूंनी जुने लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर येऊ लागले. मशीन चांगलं, फक्त नवीन विंडोजला चालत नाही. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी प्रणाली, बसतं, पळतंही. दोन दिवसांनी फोन येतो, ‘सगळं ब्येस आहे ओ, पण स्क्रीनवर जागाच उरत नाही.’ त्या फोनवर जे बोलणं होतं तेच इथे लिहून ठेवलं आहे. पुढे नावं येतील ती अशी : उबुंटू, झुबुंटू, मिंट ही लिनक्सची वेगवेगळी रूपं; एक्सएफसीई, ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, मॅटे हे त्यावरचे डेस्कटॉप, म्हणजे पट्ट्या, मेनू, खिडक्या यांची मांडणी. क्रमाने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढाच वाचा.

पॅनेल म्हणजे काय आणि डॉक म्हणजे काय?

पॅनेल म्हणजे कडेला असणारी पट्टी. मेनू, उघड्या खिडक्यांची बटणं, घड्याळ, बॅटरी, वायफाय हे सगळं तिच्यावर असतं. डॉक म्हणजे नेहमीच्या प्रोग्रॅमच्या चिन्हांची रांग. विंडोजच्या टास्कबारमध्ये ही दोन्ही कामं एकाच पट्टीत होतात, म्हणून तिथून आलेल्याला दोन पट्ट्या दिसल्या की गोंधळायला होतं. लहान स्क्रीनवर दोन्ही वेगळी ठेवायची चैन परवडत नाही. एकातच सगळं बसवायचं.

माझा लॅपटॉप तर पंधरा इंची आहे. त्याला लहान स्क्रीन कशी म्हणता?

इंच विसरा, पिक्सेल बघा. बाजारात वर्षानुवर्षं विकले गेलेले १५.६ इंची लॅपटॉप बहुतेक १३६६ बाय ७६८ चे आहेत. चौदा इंचीही तेवढेच. म्हणजे काच मोठी, पण उंचीला पिक्सेल ७६८ च. जुनी दहा इंची नेटबुकं तर १०२४ बाय ६०० ची. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावायचा सात इंची टचस्क्रीन, जो २०१५ साली आला, तो ८०० बाय ४८० चा. आसूसचं पहिलं ईईई पीसी २००७ साली आलं, तेही ८०० बाय ४८० चं आणि लिनक्सवरच चालणारं. त्यामुळे ही तक्रार आजची नाही.

आता हिशेब करून बघा. ४८ पिक्सेलची पट्टी खाली टाकली तर ७६८ पैकी सव्वासहा टक्के उंची गेली. नेटबुकवर तीच पट्टी आठ टक्के खाते. वर खिडकीची टायटल बार, त्याखाली मेनू, त्याखाली टूलबार. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या तक्त्यात, साध्या ओळीची उंची ०.४५ सेंटीमीटर असते, म्हणजे १०० टक्के झूमला सुमारे १७ पिक्सेल. तेव्हा ४८ पिक्सेलची एक पट्टी म्हणजे हिशेबाच्या जवळपास तीन ओळी. दोन पट्ट्या असतील तर सहा.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या दुकानातला लॅपटॉप आमच्याकडे आला होता. वर एक पट्टी, खाली एक, त्यावर तरंगणारा डॉक. कॅल्क उघडलं की शेतकऱ्याचं नाव दिसायचं, पोत्यांचा आकडा दिसायचा, आणि खालची बेरीज बघायला दर वेळी स्क्रोल करावं लागायचं. पोरगा वैतागून झूम ७० टक्क्यांवर नेऊन बसला होता, नाक स्क्रीनला टेकवून. खालची पट्टी काढली, वरची डाव्या बाजूला उभी केली, झूम परत १०० वर आणला. बेरीज दिसायला लागली.

पट्टी बाजूला का? खाली असली की हाताला सवय आहे.

कारण या स्क्रीन रुंद आहेत, उंच नाहीत. ६४ पिक्सेल जाडीची पट्टी १३६६ च्या स्क्रीनवर खाली ठेवली तर ८७,४२४ पिक्सेल अडतात. तीच डावीकडे उभी केली तर ४९,१५२. शिवाय अडतात ते रुंदीतले. वाचायला, टाइप करायला, हिशेब लिहायला उंची लागते. बहुतेक वेबसाइटच्या दोन्ही कडांना तशीही कोरी जागा असते.

ही कल्पना आमची नाही. उबुंटूने २०१० साली १०.१० च्या नेटबुक आवृत्तीत युनिटी नावाचा डेस्कटॉप आणला, त्यात चिन्हांची उभी पट्टी डावीकडेच होती, आणि ती नेटबुकच्या बुटक्या स्क्रीनसाठीच तशी केली होती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये १७.१० आलं, युनिटी जाऊन ग्नोम आलं, पण डावीकडचा डॉक उबुंटूने ठेवला. आजही तो तिथेच आहे.

सवय बदलायला आठवडाभर लागतो, त्यापेक्षा जास्त नाही.

डावीकडे की उजवीकडे?

डावीकडे. उजव्या कडेला स्क्रोलबार असतो. पट्टीही तिथेच ठेवली की स्क्रोल करायला जावं आणि भलताच प्रोग्रॅम उघडावा असं होतं, त्यात जुन्या टचपॅडवर तर फारच. डावखुरे असाल आणि बाहेरचा माउस वापरत असाल तर उजवीकडे करून बघायला हरकत नाही.

एक्सएफसीईमध्ये नेमकं काय काय करायचं? एकेक सांगा.

जुन्या मशीनवर आम्ही बहुतेक वेळा एक्सएफसीईच टाकतो, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी पट्ट्या किती आहेत ते बघा. मूळ एक्सएफसीईमध्ये दोन असतात, वर एक आणि खाली चिन्हांची एक. झुबुंटू आणि लिनक्स मिंटमध्ये एकच असते, झुबुंटूत वर आणि मिंटमध्ये खाली. पट्टीवर राइट क्लिक करा, ‘पॅनेल’ मध्ये जाऊन ‘पॅनेल प्रेफरन्सेस’ उघडा. सगळ्यात वर यादी आहे, तिच्यातून पॅनेल २ निवडा आणि शेजारच्या वजा चिन्हाने काढून टाका. तिच्यावर आवडीचे प्रोग्रॅम असतील तर काढण्याआधी ते पहिल्या पट्टीवर लाँचर, म्हणजे प्रोग्रॅम उघडायचं चिन्ह, म्हणून टाकून घ्या.

मग पॅनेल १. ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये ‘मोड’ आहे. त्यात ‘हॉरिझॉन्टल’ म्हणजे आडवी, ‘व्हर्टिकल’ म्हणजे उभी आणि तिसरा ‘डेस्कबार’. तिसराच निवडा, का ते पुढच्या प्रश्नात. ‘लॉक पॅनेल’ वरची खूण काढा, म्हणजे पट्टीच्या टोकाला पकडायची जागा दिसेल. ती धरून डाव्या कडेला ओढा आणि पुन्हा लॉक करा. लॉक करायला विसरू नका. नाहीतर टचपॅडवर बोट घसरलं की पट्टी स्क्रीनच्या मधोमध येऊन बसते, आणि मग ‘व्हायरस आला का ओ?’ असा फोन.

त्याच टॅबमध्ये ‘रो साइझ’ म्हणजे पट्टीची जाडी. १३६६ वर ३६ ते ४० ठीक, १०२४ वर ३२. त्याखाली गेलात तर चिन्ह नेमकं कुठलं ते ओळखू येत नाही, आणि टचपॅडने नेम धरणंही अवघड. ‘लेंग्थ’ १०० टक्के. चिन्हांचा आकार ‘अपिअरन्स’ टॅबमध्ये, आपोआप ठरू दिला तरी चालतो.

आता ‘आयटम्स’ टॅब. इथे खरी साफसफाई. ‘विंडो बटन्स’ वर डबल क्लिक करा, ‘शो बटन लेबल्स’ ची खूण काढा, ‘विंडो ग्रुपिंग’ ला ‘ऑलवेज’ करा. आता उघड्या खिडक्यांची नुसती चिन्हं दिसतील. ‘सेपरेटर’ नावाचा एक आयटम मध्ये टाका आणि त्याचं ‘एक्सपँड’ चालू करा, म्हणजे मेनू आणि प्रोग्रॅम वर राहतील, घड्याळ-बॅटरी खाली सरकतील. ‘वर्कस्पेस स्विचर’, म्हणजे एकामागच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर नेणारं बटण, काढला तरी चालतो. कंट्रोल आणि एफ-१, एफ-२ ने एका वर्कस्पेसवरून दुसऱ्यावर जाता येतं. ‘शो डेस्कटॉप’, ‘ॲक्शन बटन्स’ हे ज्यांना लागत नाही त्यांनी काढावं. लॉग आउट मेनूतही असतंच.

‘डॉकलाइक टास्कबार’ नावाचा एक प्लगइन, म्हणजे पट्टीवर बसवायचा जादा भाग, वेगळा टाकता येतो. त्यात लाँचर आणि उघड्या खिडक्या एकाच चिन्हात येतात, विंडोजच्या टास्कबारसारखं. ‘विंडो बटन्स’ काढून तो ठेवला की वेगळ्या डॉकची गरजच राहत नाही. आमचं मत विचाराल तर लहान स्क्रीनवर यापेक्षा चांगलं काही नाही.

उभी पट्टी केल्यावर अक्षरं आडवी झोपली आहेत. मान वाकडी करून वाचायचं का?

‘व्हर्टिकल’ मोडमध्ये पट्टीवरचा मजकूर नव्वद अंशात वळतो. ‘डेस्कबार’ मोडमध्ये पट्टी उभी राहते आणि अक्षरं सरळ राहतात. तेवढाच बदल करा. घड्याळात मात्र वार, तारीख, सेकंद असं सगळं ठेवलंत तर ४० पिक्सेलमध्ये बसणार नाही. फक्त तास-मिनिटं ठेवा, फाँट थोडा लहान करा. तारीख घड्याळावर क्लिक केलं की कॅलेंडरमध्ये दिसतेच.

पट्टी लपवूनच टाकली तर? मग सगळी स्क्रीन मोकळी.

लपवता येते. एक्सएफसीईमध्ये ‘ऑटोमॅटिकली हाइड द पॅनेल’ ला तीन पर्याय आहेत : कधीच नाही, हुशारीने, नेहमी. ‘हुशारीने’ म्हणजे ‘इंटेलिजंटली’ ठेवलं तर खिडकी पट्टीवर आली की पट्टी बाजूला होते, खिडकी सरकली की परत येते. ‘ऑलवेज’ मध्ये माउस कडेला नेईपर्यंत येत नाही.

ज्याचं काम ब्राउझर आणि सिनेमे एवढंच, त्याने खुशाल लपवावी. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधी दगा देईल सांगता येत नाही. बॅटरीचं चिन्ह लपलं की वीज गेल्यावर मशीन कधी बंद पडलं ते बंद पडल्यावरच कळतं, आणि वादळी पावसात वीज जाणं म्हणजे नेहमीचंच. दुसरी गोष्ट टायपिंगची, ती खाली वेगळी सांगितली आहे कारण तिच्यावरून सगळ्यात जास्त फोन येतात.

वयस्कर माणसांच्या मशीनवर लपवू नकाच. पट्टी दिसली नाही की ती गेली असंच त्यांना वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

मराठी टाइप करताना भलतीच अक्षरं येतात. पट्टी लपवल्यापासून हे सुरू झालं.

पट्टी लपली, तिच्याबरोबर कीबोर्डची भाषा दाखवणारं चिन्हही लपलं. आता तुम्ही मराठीत आहात की इंग्रजीत, हे पहिलं अक्षर उमटल्याशिवाय समजत नाही. पासवर्डच्या चौकटीत तर तेही कळत नाही, नुसते ठिपके. पासवर्ड बरोबर असून आत जाता येत नाही, ही तक्रार आली की आम्ही आधी भाषा कुठली चालू आहे ते विचारतो.

उपाय सोपा आहे. पट्टी लपवायची नाही, बारीक करायची. एक्सएफसीईमध्ये ‘कीबोर्ड लेआउट्स’ नावाचा प्लगइन पट्टीवर टाका, तो झेंडा किंवा भाषेची अक्षरं दाखवतो. झेंडा न दाखवता अक्षरं दाखवायला सांगा, कारण भारतीय इंग्रजी आणि मराठी दोन्हीला झेंडा एकच. मराठी टाइप करायला आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यांचं चिन्ह ट्रेमध्ये, म्हणजे वायफाय-बॅटरीच्या चिन्हांच्या रांगेत, येतं. ते ट्रेच्या लपलेल्या भागात गेलं नाही ना, ते ट्रेच्या प्रॉपर्टीजमध्ये बघून घ्या. इनस्क्रिप्ट येणाऱ्यांना आणि कगप पद्धतीने उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना हे चिन्ह सारखंच लागतं.

पट्टी नको हलवायला. फाँटच लहान केला तर जागा होईल ना?

इंग्रजीला होईल. मराठीला जपून.

इंग्रजी अक्षर एका मापात बसतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. एवढं सगळं त्याच उंचीत कोंबायचं. फाँट ७ किंवा ८ वर आणला की सगळ्यात आधी रफार जातो. ‘खर्च’ चा ‘खच’ दिसायला लागतो. ‘कृष्णा’ मधला ऋकार उकारासारखाच दिसतो. हिशेबाच्या फायलींची नावं मराठीत ठेवत असाल तर हे रोज डोळ्याला टोचणार.

एक्सएफसीईमध्ये ‘अपिअरन्स’ मधल्या ‘फाँट्स’ टॅबवर मूळ आकार बहुधा १० असतो. ९ करा, त्याखाली नको. तिथेच ‘कस्टम डीपीआय’, म्हणजे सगळ्या अक्षरांच्या आकाराचं प्रमाण, आहे, तो ९६ असतो. तो ९० पर्यंत आणायला हरकत नाही. ‘हिंटिंग’ ला ‘स्लाइट’ ठेवा. फाँट बदलून बघायचा असेल तर लोहित देवनागरी आणि नोटो सान्स देवनागरी दोन्ही टाका आणि ज्यात ‘खर्च’ नीट वाचता येतो तो ठेवा.

‘डिस्प्ले’ मध्ये स्केल बदलून सगळं लहान दाखवता येतं, त्याने जागा खूप झाल्यासारखी वाटते, पण अक्षरं पुसट होतात. आम्ही ते करून देत नाही.

उबुंटूत डॉक लहान कसा करायचा? वरची काळी पट्टी काढता येते का?

‘सेटिंग्ज’ मध्ये ‘उबुंटू डेस्कटॉप’ उघडा. थोड्या जुन्या आवृत्तीत हेच ‘अपिअरन्स’ मध्ये मिळेल. ‘आयकॉन साइझ’ मूळ ४८ असतो, तो ३२ करा. ‘पॅनेल मोड’ बंद केला की डॉक कडेपासून कडेपर्यंत न पसरता चिन्हांपुरताच राहतो. ‘ऑटो-हाइड’ हवं तर चालू करा. लपलेला असला तरी कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबली की तो दिसतो. डॉकवर कचरापेटी आणि डिस्कची चिन्हं दिसतात, तीही तिथूनच बंद होतात. ज्यांच्या मशीनवर विंडोजचे दोन-तीन पार्टिशन शिल्लक आहेत त्यांच्या डॉकवर ती चिन्हं उगाच रांग लावून बसलेली असतात.

वरची पट्टी मात्र ग्नोममध्ये नुसत्या सेटिंगने जात नाही. ‘हाइड टॉप बार’ किंवा ‘जस्ट परफेक्शन’ सारखं एक्स्टेंशन, म्हणजे ग्नोमला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. ‘डॅश टू पॅनेल’ घेतलं तर डॉक आणि वरची पट्टी एकत्र होऊन एकच पट्टी राहते, आणि लहान स्क्रीनला तेच सोयीचं. (उबुंटूचा स्वतःचा डॉक हादेखील मुळात ‘डॅश टू डॉक’ नावाच्या एक्स्टेंशनवरूनच काढलेला आहे.)

एक्स्टेंशन टाकताना एवढं माहीत असू द्या की ग्नोमची नवी आवृत्ती आली की ती बंद पडू शकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा आतली रचनाच बदलली आणि सगळी एक्स्टेंशनं नव्याने जुळवावी लागली. म्हणून ज्याला कुणाच्या मदतीशिवाय मशीन वापरायचं आहे, त्याने दीर्घ मुदतीची एलटीएस आवृत्ती टाकावी आणि एक्स्टेंशन एखाद-दुसरंच ठेवावं.

केडीई प्लाझ्मात?

प्लाझ्मात जवळपास सगळं माउसनेच होतं. पट्टीवर राइट क्लिक करून पॅनेलची सेटिंग उघडा. तिथे जागा, जाडी, रुंदी, दिसणं-लपणं सगळं आहे. ‘डॉज विंडोज’ निवडलं की खिडकी अंगावर आल्यावरच पट्टी बाजूला होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ आलं तेव्हापासून पट्टी मुळातच ‘फ्लोटिंग’ असते, म्हणजे कडेपासून थोडी सुटलेली. दिसायला छान, लहान स्क्रीनवर बंद केलेलीच बरी.

प्लाझ्मासाठी वेगळा मिळणाऱ्या लाटे डॉकबद्दल अजून लोक विचारतात, जुने व्हिडिओ बघून. तो बनवणाऱ्याने २०२२ मध्येच काम थांबवलं. प्लाझ्माच्या स्वतःच्या पट्टीची रुंदी ‘फिट कंटेंट’ करून तिच्यावर ‘आयकॉन्स-ओन्ली टास्क मॅनेजर’ ठेवला तर डॉकच तयार होतो.

‘ग्लोबल मेनू’ हा विजेट पट्टीवर टाकला की प्रोग्रॅमचा मेनू खिडकीतून उठून पट्टीवर जातो. पट्टी वर आडवी असेल तरच तो नीट दिसतो. डावीकडे उभी पट्टी केली असेल तर त्याच्या नादी लागू नका.

मिंटचा सिनॅमन वापरतो. काही वेगळं?

फारसं नाही. पट्टीवर राइट क्लिक, ‘पॅनेल सेटिंग्ज’, तिथे उंची आणि लपवण्याचे पर्याय. पट्टी हलवायची तर त्याच मेनूत ‘मूव्ह’ आहे. ज्या कडेला जाता येईल तिथे खूण दिसते, तिथे क्लिक करायचं. मॅटे डेस्कटॉपवर ‘मॅटे ट्वीक’ मध्ये तयार मांडण्या आहेत, त्यातली ‘म्युटिनी’ ही जुन्या युनिटीसारखी डाव्या पट्टीची आहे. तीच निवडा, काम झालं.

प्लँक टाकला, पण स्क्रीनवर एक पुसट रेघ दिसते. स्क्रीन गेली का?

स्क्रीन ठीक आहे. प्लँक हा वेगळा टाकायचा डॉक, त्याच्या खिडकीची सावली आहे ती. एक्सएफसीईमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’, ‘कॉम्पोझिटर’ टॅब, तिथे डॉकखाली सावली दाखवण्याची खूण आहे ती काढा. रेघ जाईल. प्लँकची सेटिंग सापडत नसेल तर कंट्रोल दाबून त्याच्यावर राइट क्लिक करा. ‘इंटेलिहाइड’ ठेवा.

स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या लिनक्सच्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. प्लँक एक्स-११ साठी लिहिलेला आहे, वेलँडवर चालत नाही. तसा लहान स्क्रीनवर वेगळा डॉक आम्ही सुचवतच नाही, पण कॉलेजच्या पोरांना मॅकसारखं दिसायला हवं असतं. हौसेला मोल नाही.

फॉर्म भरताना खालचं ‘ओके’ चं बटण स्क्रीनच्या खाली जातं. पट्टी लपवूनही दिसत नाही.

खिडकीच स्क्रीनपेक्षा उंच आहे. ऑल्ट दाबून ठेवा, खिडकीत कुठेही माउसने धरा आणि वर ढकला. टायटल बार स्क्रीनच्या वर निघून गेली तरी चालते. ग्नोम आणि प्लाझ्मात ऑल्टऐवजी विंडोजचं चिन्ह असलेली कळ. माउस अडत असेल तर ऑल्ट आणि एफ-७ दाबून बाणांच्या कळांनी सरकवा. हे एक्सएफसीईत चालतं. बटणावर जायचंच असेल तर टॅब दाबत पुढे जा आणि एंटर मारा, पण कुठल्या बटणावर आहात ते न दिसता एंटर मारणं पैशाच्या व्यवहारात नको.

पट्टीच गायब झाली!

घाबरू नका, फॉरमॅट तर अजिबात करू नका.

एक्सएफसीईमध्ये डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक केलं की ‘ॲप्लिकेशन्स’ चा मेनू मिळतो. त्यातून ‘सेटिंग्ज’ मधलं ‘पॅनेल’ उघडा. पट्टी चालू नसेल तर ती सुरू करायची का असं विचारेल, हो म्हणा. सुरू झाली, पण पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावर पुन्हा नाही, असं झालं तर कारण बहुधा हे : पट्टी बंद असताना कधीतरी लॉग आउट केलं आणि ‘सेव्ह सेशन’ ची खूण तशीच होती. आता तीच बिनपट्टीची स्थिती दर वेळी परत येते. ‘सेशन अँड स्टार्टअप’ मध्ये जाऊन साठवलेलं सेशन पुसून टाका आणि लॉग आउट करताना ती खूण काढा.

सिनॅमनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबा, डेस्कटॉप नव्याने सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात. प्लाझ्मात डेस्कटॉपवर राइट क्लिक करून नवी पट्टी टाकता येते. मॅटेत ‘मॅटे ट्वीक’ मधली मांडणी पुन्हा निवडा.

क्लासमध्ये प्रोजेक्टर लावला की पट्टी भिंतीवर जाते, लॅपटॉपवर काहीच राहत नाही.

पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये ‘आउटपुट’ आहे. तो ‘ऑटोमॅटिक’ असेल तर पट्टी कुठेही जाते. तिथे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा निवडून टाका. उबुंटूतही डॉक कुठल्या स्क्रीनवर ठेवायचा ते त्याच पानावर ठरवता येतं. प्रोजेक्टरवर तेच दाखवायचं असेल तर १०२४ बाय ७६८ वर यावं लागू शकतं, तेव्हा रुंदी कमी पडते. त्या तासापुरती पट्टी लपवणं हाच उपाय.

पट्टी नीट झाली. आता फायरफॉक्स आणि ऑफिसमध्ये अजून जागा मिळेल का?

मिळेल, आणि पट्टीपेक्षा जास्त मिळेल. फायरफॉक्समध्ये टूलबारवर राइट क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ उघडा, खाली ‘टायटल बार’ ची खूण असेल तर काढा. १३६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून, टॅब उभ्या रांगेत डावीकडे ठेवता येतात. ती रांग मिटून नुसती चिन्हं ठेवता येतात. वाचायला बसलात की एफ-११.

लिब्रेऑफिसमध्ये ‘व्ह्यू’ मधून ‘युझर इंटरफेस’ उघडा आणि ‘सिंगल टूलबार’ किंवा ‘टॅब्ड कॉम्पॅक्ट’ निवडा. उजवीकडची साइडबार कंट्रोल आणि एफ-५ ने मिटते.

एक्सएफसीईमध्ये आणखी एक चांगली सोय दडलेली आहे. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’, ‘ॲक्सेसिबिलिटी’ टॅब, मोठ्या केलेल्या खिडकीची टायटल लपवायची खूण. ती लावली की मॅक्झिमाइझ केलेल्या खिडकीची टायटल बार जाते. खिडकी बंद करायला मग ऑल्ट आणि एफ-४. ज्यांना बंद करायला वरचा फुलीचा चौकोनच लागतो त्यांच्या मशीनवर हे करू नका.

एका मशीनवर सगळं जमवलं. दुकानातल्या बाकीच्या लॅपटॉपवरही असंच हवंय.

‘पॅनेल प्रोफाइल्स’ नावाचं छोटं साधन एक्सएफसीईला आहे. आत्ताची मांडणी त्यात साठवा, फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या मशीनवर तिथूनच उघडा. त्या मशीनवर तेच प्लगइन आधी टाकलेले हवेत, नाहीतर त्यांची जागा रिकामी दिसते. स्क्रीन १०२४ ची असेल तर जाडी पुन्हा कमी करा. मांडणीत काही बदल करण्याआधीही एक प्रत ठेवा. बिघडलं तर दोन क्लिकमध्ये परत.

घरात एकच लॅपटॉप. मुलगा दर वेळी सगळं बदलून ठेवतो.

त्याला वेगळं युझर खातं काढून द्या, साध्या अधिकाराचं, पासवर्ड त्याचा त्याला. पट्टी, डॉक, फाँट, सगळं ज्याच्या-त्याच्या खात्यात राहतं. त्याने डॉक स्क्रीनच्या मधोमध नाचवला तरी आईच्या खात्यात डावीकडची चाळीस पिक्सेलची पट्टी जागच्या जागी. तुमच्या खात्याचा पासवर्ड त्याला माहीत असेल तर तो बदला.